आवाज सुटावा म्हणून

"हात लावायचा नाय कुणी तिला. रडू द्या. घसा मोकळा होतोय तिचा," तात्या ओट्यावरून ओरडत होते. आतल्या खोलीत, बाहेरून कडी लावलेल्या दाराआड, माझी अडीच महिन्यांची धाकटी लेक रडत होती. बायको दाराशी उभी होती, आणि आठ वर्षांची थोरली पोट धरून भिंतीला टेकली होती. थोरलीला नाशिकला डॉक्टरांकडे दाखवून मी आणि ती नुकतेच परतलो होतो. माझ्या पायात अजून चपला होत्या.

तात्या म्हणजे माझे वडील. लासलगावच्या बाजारात त्यांनी जन्मभर कांद्याचे लिलाव पुकारले. त्यांच्या आवाजाचं मी थोडं कमी करूनच सांगतो. त्यांनी ट्रॉलीवर चढून पहिली हाक दिली की मनमाडच्या फलाटावरचा हमाल ओझं खाली ठेवून मागं बघायचा. दिंडोरीकडं द्राक्षांचे मणी गळायचे. एकदा तर गार्डाची शिट्टी वाजायच्या आधीच कांद्याची मालगाडी सुटली. यातली मालगाडी खरी आहे. बाकीचं मी वाढवलंय.

असा गळा आपोआप येत नाही, तो करावा लागतो, असं आमच्या घराण्याचं म्हणणं. रडणारं मूल उचलायचं नाही. पोट भरलंय ना, दुपटं कोरडं आहे ना, एवढं बघायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर चहा ठेवायचा. मूल जितकं रडेल तितका आवाज सुटतो, छाती भरते, हा आमच्या आजोबांचा शोध. तात्या असेच वाढले. मीही. आणि मान्य करतो, माझा आवाज सुटला; आता मीच लिलाव पुकारतो. थोरलीच्या वेळी दाराबाहेर बायको अशीच उभी असायची, आणि कडीवर हात माझा असायचा.

थोरलीचा आवाज मात्र सुटला नाही. ती बोलली तर काय म्हणाली ते तिच्या शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. घरात कुणी आवाज चढवला की तिचे हात गार पडतात, तोंड पांढरं होतं, पोटात कळ येते. शाळेत बाई दुसऱ्या मुलीवर रागावल्या तरी ओकारी हिला. पोटाचे सगळे डॉक्टर झाले. सोनोग्राफीत काही नाही. जंताचं औषध तर इतकं पाजलं की तिचेच काय, शेजारच्या चार घरांतले जंत गाव सोडून गेले असतील.

शेवटी कुणीतरी नाशिकच्या या मुलांच्या डॉक्टरबाई सुचवल्या. त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला वाटलं, दवाखान्यात कुणी गेलंय. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कागदावर एक रेघ काढली. मेंदूच्या बुडाशी निघून मानेतून खाली उतरणारी. म्हणाल्या, "ही व्हेगस नस. हिची एक फांदी घशाला जाते, आवाजाच्या पेटीला. मग हृदय, फुप्फुसं, पोट. घाबरलं की हृदय पळतं. त्याला आवरणारा ब्रेक म्हणजे ही. पण बाळ जन्मतं तेव्हा हा ब्रेक कच्चा असतो. ते रडतं, कुणीतरी छातीशी घेतं, हळू बोलतं, ते शांत होतं. असं पुन्हा पुन्हा झालं की हळूहळू त्याचं त्याला शांत होता येतं."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर ते शिकायला जड जातं. सगळं त्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, काही मुलं मुळातच हळवी असतात. घरी तुम्ही किती मोठ्यानं बोलता?"

"नॉर्मल," मी म्हणालो. बाहेर बसलेल्या दोन बाया आत डोकावून गेल्या.

"हिची वेळ अजून गेलेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि घरी धाकटी आहे ना? ती रडली की उचला. दुसरं औषध नाही."

येताना बसमध्ये मी त्या कागदाकडं बघत होतो. म्हणजे घशाची आणि पोटाची नस एकच. आम्ही तीन पिढ्या वरच्या फांदीला खत घातलं, आणि खाली काय वाळत चाललंय ते बघायला कुणी वाकलं नाही.

आणि घरी आलो तर ही कडी.

मला सरळ जाऊन ती काढता आली असती. चार पावलं होती. पण मी लिलाव पुकारणारा माणूस. कागद काढला, तात्यांपुढं नाचवला आणि मुलांशी हळू बोलावं हे अशा आवाजात सांगू लागलो की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं थेट सटाण्याला जाऊन उतरली असतील.

"नस काय सांगतो मला," तात्या माझ्याहून वरच्या पट्टीत ओरडले. "तुला कुठं उचलला होता? काय झालं तुला? अख्ख्या बाजारात तुझ्यासारखा गळा हाय का कुणाचा?"

काय झालं मला? फोन वाजला तरी छातीत ट्रॅक्टर सुरू होतो. पित्ताच्या गोळ्या मी शेंगदाण्यासारख्या खातो. हे मी तात्यांना कधी सांगितलेलं नाही. तेव्हाही नाही सांगितलं. नुसता आणखी मोठ्यानं ओरडलो.

थोरली तिथंच भिंतीशी ओकली.

बायकोनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कडी काढली, धाकटीला उचललं, खांद्यावर घेतलं. "तुम्ही दोघं बाजारात जाऊन भांडा," एवढंच म्हणाली, आणि बाळाला घेऊन परसात गेली. थोड्या वेळानं तिकडून रडणं ऐकू येईना. तात्यांनी टोपी घातली आणि निघून गेले.

मी थोरलीचं तोंड पुसायला हात पुढं केला. ती स्वयंपाकघरातून धावत आलेल्या माझ्या आईच्या मागं सरकली, पदराला धरून. मी हात खाली घेतला.

आईनं तिचं तोंड धुतलं, तिला पाटावर बसवलं आणि खाली बसून फरशी पुसू लागली. मी शेजारी बसलो. हळूच विचारलं, "आई, मी रडायचो तेव्हा तुला उचलावंसं नाही वाटायचं?"

तिनं फडकं पिळलं.

"वाटायचं की," ती म्हणाली. "पान्हा फुटायचा. मोरीत जाऊन पिळून टाकायची."