बाबलकाकांचा दरवाजा

फोन आला तेव्हा मी कुडाळला ऑफिसात होते. "ताई, बाबा गेले गो..." एवढंच बाबलकाकांचा सुहास म्हणाला. आषाढ चालू होता, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. ज्यांनी उभा जन्म लोकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलं, ते निघाले तेव्हा समुद्रच बंद होता. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाबलकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मालवणात प्रत्येकाला किल्ल्याच्या कशाचा ना कशाचा अभिमान असतोच. कुणाला भर समुद्रातल्या गोड विहिरींचा, कुणाला महाराजांच्या हाताच्या ठशाचा. काकांचा जीव दरवाजात. समोरून नुसता तट दिसतो, दरवाजा बुरुजांआड दडलेला. होडी निम्म्यावर आली की काका विचारत, "दरवाजो खंय आसा, सांगा बघूया?" मग जो तो भलतीकडेच बोट दाखवी. काका मिशीतल्या मिशीत हसत. अगदी जवळ गेल्यावर सुकाणू जरासं वळवत आणि दरवाजा एकदम समोर येई. "बांधणारो काय खुळो होतो?" हे अशा ऐटीत म्हणत, की आराखडा यांनीच काढून दिला असावा!

तीनेक वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीला आणि तिच्या दोन मुलींना घेऊन गेले होते. काकांनी प्रश्न विचारला, आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी मोबाइलवर किल्ल्याचा वरून काढलेला फोटो मुलींपुढे धरला. "हा बघा, इथे!" मुलींनी फोटो पाहिला, मग किल्ल्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. काकांनी नुसतंच सुकाणू वळवलं. उतरताना मला हात देत हळूच म्हणाले, "पोरींकाच गावाक होयो होतो गो दरवाजो..." मुलींनाच सापडू द्यायचा होता. मी ते हसण्यावारी नेलं. पुढे काका थकले, सुकाणू सुहासकडे गेलं. मी भेटायला जायचे, काकूच्या हातची आमटी ओरपायचे, आणि दर वेळी तो विषय काढायचा राहून जायचा. आता ते फार लागतं.

गेल्या आठवड्यात होड्या सुरू झाल्या, तशी मी सुहासच्या होडीत जाऊन बसले. काकांची टोपी सुकाणूजवळच्या खिळ्याला तशीच अडकवलेली होती. सुहास मुळातच अबोल. होडी निम्म्यावर आली तरी तो काही विचारेना. शेवटी मीच समोरच्या आजींच्या नातीला म्हटलं, "दरवाजा कुठे आहे, सांग बघू?"

तिने डावीकडे बोट दाखवलं, मग उजवीकडे. मग वैतागून माझ्याकडे वळली, "सांगा ना!" उत्तर अगदी ओठांवर आलं होतं... मी टोपीकडे बघत गप्प बसले. सुहासने सुकाणू वळवलं.

"आजी, तो बघ! मला सापडला!"

काका, या वेळी मी नाही हो सांगितलं.