अप्पांचं साहेबी गाणं

सकाळपासून आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. मी डोशाच्या पिठाचं भांडं आपटत होते, नवरा पेपरमागे तोंड लपवून बसला होता आणि सासरे, म्हणजे अप्पा, आरशापुढे उभे राहून बो टाय बांधत होते. कार्यक्रम संध्याकाळी होता!

"लोक हसतील," पेपरमागून आवाज आला.

"विनोदी गाणं आहे. नाही हसले तर पंचाईत."

"मी काय म्हणतोय ते कळतंय तुला."

कळत होतं की, न कळायला काय झालं! अप्पांची स्मरणशक्ती उतरणीला लागली होती. अख्खं निवृत्त आयुष्य चेन्नईच्या अड्यार भागात काढलेला माणूस मागच्या महिन्यात दुधाच्या बूथवरून घरी येताना वाट चुकला. त्यांना कोणी हसलेलं नवऱ्याला सोसलं नसतं. म्हणून त्याने बजावलं होतं, आज स्टेजवर काही गडबड झाली तर हे शेवटचं. यापुढे गाणं नाही, एकट्याने बाहेर पडणंही नाही. आणि मी ठासून सांगितलं होतं की बाकी काहीही विसरतील, गाणं नाही विसरणार. बोलून बसले होते, आता निस्तरायचंही मलाच होतं.

गाण्याचं सांगते. अप्पा तंजावरच्या मराठी घरातले, नोकरी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकुनाची. तरुणपणी तिथल्या क्वार्टर्समध्ये रेडिओवर त्यांनी विलायती पॉप ऐकलं आणि येडे झाले. त्यातही नुसता धांगडधिंगा नको असायचा त्यांना. ती केसाळ इंग्रज पोरं मधूनच आपल्या आजोबांच्या जमान्यातल्या थेटरासारखं गायची, ते यांचं लाडकं. पियानो दुडक्या चालीने निघालाय, क्लॅरिनेट नाकात बोलतोय, गाणारा कर्ण्यातून ओरडल्यासारखा ओरडतोय आणि मध्येच थांबून समोरच्यांची टर उडवतोय. लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हा ते ऐकून मी म्हटलं, "अप्पा, हा तर आमच्या तमाशातला सोंगाड्या, फक्त कोट घातलेला!" अप्पा इतके खूश झाले की त्या दिवसापासून मी त्यांची पियानोवाली. त्या पोरांना आजोबांच्या काळाची हुरहूर, अप्पांना त्या पोरांची. आणि हल्ली मला अप्पांची.

आजचं गाणं समुद्रकाठी फिरायला गेलेल्या एका साहेबाचं होतं. वारा आधी त्याची टोपी नेतो, मग छत्री, मग दातांची कवळी, आणि शेवटी बायकोचा विग. दर कडव्याला लय वाढते. कडव्यांच्या मध्ये अप्पा मराठीत काहीबाही फोडण्या घालतात.

मराठी मंडळाच्या हॉलवर सेक्रेटरी आधीच कुरकुरत होते. "इथे इंग्रजी गाणं?"

"मधलं बोलणं मराठीत आहे," मी म्हटलं. "तंजावरचं मराठी. तुमच्या-माझ्यापेक्षा जुनं." मग ते खुर्च्या मोजायला लागले.

टोपी गेली. छत्री गेली. माझे हात कीबोर्डवर आणि डोळे अप्पांच्या तोंडावर. ते हातातली काठी आपटून ओरडले, "सीक्रम गे, सीक्रम!" म्हणजे लवकर, लवकर. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. नवरा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, एकही टाळी न वाजवता बसला होता. मला वाटलं, बघ म्हणावं, बघ कसे गातायत!

कवळीचं कडवं संपलं. मी मधला तुकडा वाजवला. अप्पांनी गाणं उचललंच नाही. पुन्हा वाजवला. ते काठी टेकून माझ्याकडे बघत उभे. मी ओठांनी पहिला शब्द पुटपुटून दाखवला, तरी नाही. मग ते माईक घेऊन माझ्याजवळ आले आणि परक्या बाईशी बोलावं तसं सभ्यपणे विचारलं,

"तू कोण गे?"

हॉल हसून लोळायला लागला. कोणीतरी शिट्टीही मारली.

अप्पांची थट्टा मला चांगली ठाऊक आहे. ती आधी डोळ्यांत येते आणि मग तोंडात. डोळ्यांत काही नव्हतं. ते खरंच विचारत होते आणि उत्तराची वाट बघत होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते देव जाणे. हात मात्र तोच तुकडा वाजवत राहिले. मी माईककडे वाकून म्हटलं, "मी तुमची सून. वाजवू का पुढे?"

"वाजव की! पण सीक्रम!"

पुन्हा हशा. मी सुसाट सुटले. अप्पांना धाप लागेल, त्यांचा आवाज फाटेल, काही मनात आणलं नाही, कारण थांबले असते तर मी पुढे वाजवूच शकले नसते. अप्पांनी शेवटचं कडवं एकही शब्द न चुकता म्हटलं आणि विग उडाला. लोक उभे राहिले.

स्टेजमागे सेक्रेटरी धावत आले. "काय टायमिंग हो! ते 'तू कोण' बसवायला बराच वेळ लागला असेल?"

"लागला थोडा," मी म्हटलं.

मागोमाग नवरा आला. त्याचे डोळे लाल झाले होते. मी मनात म्हटलं, बोल बाबा, 'सांगितलं होतं ना' म्हण आणि मोकळा हो. तो खाली बसून कीबोर्डची वायर गुंडाळायला लागला.

अप्पा खुर्चीत घाम पुसत होते, एकदम खुशीत. त्यांनी मुलाला खूण करून जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून, मला ऐकू येईल एवढ्याने म्हणाले, "फार बेस वाजवते ही पोर. घरी जेवायला ये म्हणून सांग हिला."

नवरा वायर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"येते अप्पा," मी म्हटलं.