आधी नारा, मग भोंगा

बाबा एका खासगी कारखान्यात ठेकेदाराच्या टोळीत गॅसच्या पाइपा साफ करतात. त्या गॅसला वास नाही, माणूस गप्प बसल्यासारखा बसतो आणि उठत नाही. टोळीकडे सुरक्षा म्हणून ओला गमछा. मी त्यावर किती पत्रकं छापली, सुपेल्याच्या चौकात किती वाटली. लोकांनी त्यात समोसे बांधून नेले.

मग मी गॅस आला की वाजणारा भोंगा बनवायला बसलो. छोटी चिप, गॅसचा सेन्सर, बोटभर पडदा. इंटरनेटवर एक फुकट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सापडली: चिप कोणत्याही कंपनीची असो, पिन-टायमरशी एकाच पद्धतीनं बोलायचं. तिचा नियम एवढाच, की वाट पाहणाऱ्या कामानं जागा सोडायची, म्हणजे तेवढ्यात दुसरं काम होतं. अशी चिप एकटी असून दहा कामं सांभाळते.

सेन्सरचं काम मी नियमानं लिहिलं. पडद्यावर मात्र मला नारा हवा होता: ‘ठेका मजदूर की जान सस्ती नहीं’. अक्षरं सरकवायला मी जुन्या सवयीची ओळ टाकली, जी चिपला जागीच अडवून ठेवते. घरी चाचणी घेताना नारा बंदच ठेवला होता. तो खास साहेबांसाठी होता.

ठेकेदाराचा मॅनेजर बघायला तयार झाला. चालला तर टोळीला भोंगे, असं चार जणांसमोर बोलला. बाबाही उभे होते, धुतलेला शर्ट घालून. मी नारा सुरू केला आणि यंत्र विझत्या सिगडीवर धरलं, तिच्यातूनही तोच गॅस निघतो. अक्षरं सरकत राहिली. मॅनेजर घड्याळाकडे बघत राहिला. नारा शेवटच्या अक्षरापर्यंत गेला, त्यानंतर भोंगा वाजला.

“वाह नेताजी,” तो म्हणाला, “पहले भाषण, फिर जान?”

टोळीतलेही हसले. ते हसणं मला जास्त लागलं.

घराकडे, कॅम्प-1 ला परतताना बाबांनी विचारलं, “उशीर कावून झाला रे?”

“नारा चालू होता, बाबा. त्यानं सेन्सरले जागाच देली नाही.”

“म्हंजे तू बोलून राहिला होता, अन् गॅस तिथंच होता.”

घरी आल्यावर एक ओळ बदलली. नारा सरकतानाही भोंगा लगेच वाजू लागला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर गेलो तर निरोप आला, एक मौका दिया था. मग एका सकाळी बाबा यंत्र डब्याच्या पिशवीत घालून कामावर निघाले, गेटवर तेही काढून घेतलं. पाळी सुटताना परत दिलं, एवढी मेहरबानी.

ठेकेदार हलकट आहे, ते मी पुन्हा छापीन. पण नकाराचं कारण त्याच्या हातात मी दिलं, हे कोणत्या पत्रकात छापू?

यंत्र आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय. नारा पुसून टाकला, नुसता गॅसचा आकडा दिसतो. सकाळी बाबा त्याच्याखाली उभं राहून गमछा भिजवतात, पिळतात, निघतात. पडद्यावर शून्य असतं.