मालकाच्या नावाने

खैरानचा फाटा मागे टाकून गाडी वफ्राच्या रस्त्याला लागली की नंदकुमार चौगुलेच्या चेहऱ्यावरचं वय उतरायचं. दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच उंटांचा कळप, आणि मग एकाएकी हिरवं. वफ्रा म्हणजे कुवेतचा शेतीचा पट्टा, पार सौदीच्या हद्दीला टेकलेला, आणि तिथल्या एका मळ्याचा नंदकुमार कारभारी. हिवाळ्यात पहाटे असं धुकं उतरायचं की खजुरांचे नुसते शेंडे दिसत, खोडं कुठे गेली कोण जाणे. त्या धुक्यात तो गाडी बंद करून बसून राही. आपण कुवेतमध्ये आहोत की शिरोळला, हे त्या वेळी कोणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं.

माणूस शिरोळकडचा. घरचा ऊस, कोल्हापूरची शेतकीची पदवी, आणि नोकरी कुठे, तर वाळवंटात! भावकी पोट धरून हसली होती. हसेना का. इथल्या खाऱ्या पाण्यावर त्याने टोमॅटो काढले, काकड्या काढल्या, म्हातारे खजूर पुन्हा फळाला आणले. यात त्याची चौदा वर्षं कशी गेली ते त्यालाही कळलं नाही.

मळा बु जासिमचा. हा बु जासिम राहायचा लंडनला. बायकोच्या औषधपाण्यासाठी म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मळा बापाच्या हातचा, म्हणून विकवत नव्हता, एवढंच. नंदकुमार त्याला फोनवर सगळं लिहून कळवायचा. विहिरीचा पंप बदलावा लागेल, मजुरांच्या खोल्यांना कूलर हवेत, यंदा बोरं चांगली लागलीत. प्रत्येक वेळी उत्तर म्हणून एक अंगठा यायचा. तो फोनमधला, पिवळा, उभा अंगठा. पंपाला अंगठा, कूलरला अंगठा, बोरांच्या फोटोलाही अंगठा. शब्द म्हणून कधी आला नाही.

आता अंगठ्याशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? नंदकुमारने त्या अंगठ्याला हळूहळू एक माणूस जोडून टाकला.

सुरुवात जहीरपासून झाली. जहीर हा मळ्यावरचा सगळ्यात जुना गडी, बिहारमधल्या सिवानचा. त्याची आई गेली तेव्हा नंदकुमारने धावपळ करून त्याला त्याच दिवशी विमानात बसवलं. जहीर पाय धरायला वाकला. पाय धरून घ्यायची नंदकुमारला कुठली सवय! तो इतका लाजला की तोंडाला येईल ते बोलून बसला. "अरे, मेरा कुछ नहीं, जहीर. बाबा का फोन आया था. बोले, जहीर को आज ही घर भेजो."

बाबा म्हणजे मालक. झालं, तिथून त्याला चटकच लागली. ईदचा बकरा बाबांनी पाठवला. थंडीची जाड ब्लँकेटं बाबांनी सांगितली. जहीरच्या गुडघ्याची चौकशी बाबा दर फोनला करतात. मजूर बाबांसाठी दुवा मागू लागले. आणि खरी गंमत पुढेच आहे. हळूहळू नंदकुमारचाही विश्वास बसला. उन्हं उतरली, पाण्याचे फवारे सुरू झाले की तो खजुरांच्या ओळीतून एकटा हिंडायचा, आणि शेजारून बु जासिम चालत असायचा. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात जपमाळ, आवाज मऊ. 'या बरही खजुराला यंदा घड किती धरू दिलेस, नंदकुमार?' असं विचारायचा. नंदकुमार सांगायचा, तो मान डोलवायचा. फहाहीलच्या फ्लॅटवर परत येईपर्यंत हे गुंगीसारखं अंगावर राहायचं.

बायको वासंती हॉस्पिटलात नर्स. पेशंटांचं बरळणं ऐकून ऐकून तिचे कान तयार झालेले. ती म्हणायची, "अहो, कष्ट तुमचे, डोकं तुमचं, आणि पुण्य त्या लंडनवाल्याच्या पदरात? तुम्हाला काय म्हणायचं तरी काय!"

"चाललंय ते चालू दे की. पोरं खूश हाईत," असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

या जानेवारीत मात्र अंगठ्याऐवजी चक्क आवाज आला. बु जासिम येणार होता. त्याच्या भाच्याने डोक्यात भरवलं होतं की हल्ली पाण्याचे नळ फोनवरून सोडता येतात, कॅमेऱ्यातून झाडं दिसतात, मग पगारी कारभारी हवा कशाला? मालक म्हणाला, "येतो, बघतो आणि ठरवतो."

तो यायच्या दिवशी वासंतीने डबा भरता भरता त्याला बजावलं, "आज बाबा-बिबा काही नाही. जे केलंत ते स्वतःच्या नावाने सांगायचं. कळलं?" तो हो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. नोकरीची धास्ती होतीच, इकामा, म्हणजे देशात राहायचा परवाना, त्या मळ्यावरच होता. पण इकाम्यापेक्षा त्याला त्या ओळीतून हिंडणं सुटायची भीती वाटत होती. ते गेलं तर आपण जागे होऊ, आणि आपल्याला जागं व्हायचं नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

बु जासिम आला. ठेंगणा, थकलेला, दोनदा घड्याळ बघणारा. बापाने लावलेल्या बरहीसमोर उभा राहून त्याने विचारलं, "हे कसलं झाड?" नंदकुमारने अरबीत सांगितलं खरं, पण त्याचे डोळे त्या चेहऱ्यात दुसराच कोणीतरी शोधत होते.

मांडवाखाली चहा आला, आणि चहामागोमाग जहीर. त्याने मालकाच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि रडतच सुरू झाला. आईच्या मातीला पोचलो ते बाबांमुळे, ब्लँकेटं, बकरा, गुडघा, काही म्हणून सोडलं नाही. सगळं हिंदीत.

"काय म्हणतोय हा?" बु जासिमने विचारलं.

सांगायची वेळ ती होती. नंदकुमारने तोंड उघडलंही. पण समोर जहीरचा ओला, उजळलेला चेहरा होता. तुझा बाबा कधी नव्हताच, हे त्याच्यादेखत कसं सांगायचं? नंदकुमारने जहीरचं बोलणं जसंच्या तसं अरबीत सांगितलं.

बु जासिम चमकला. क्षणभर नंदकुमारकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल पडला. "असेल," तो म्हणाला. "मी सांगितलं असेल. माझे वडीलही असेच होते." आणि पुढच्या घोटाला त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला! फुकटचं भलेपण कोणाला नको असतं? नंदकुमारला पहिल्यांदाच त्या माणसाचा राग आला.

"आता याला विचार," बु जासिम म्हणाला, "कारभारी कसा आहे?"

जहीर याचीच वाट बघत होता. चौगुलेसाहेबांसाठी दोन शब्द बोलायची संधी त्याला कधी मिळाली होती! तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "चौगुले साब फरिश्ता आदमी हैं, बाबा. अपने मन से एक पत्ता नहीं हिलाते. जो आप बोलते हैं, बस वही करते हैं. पानी, खाद, हम लोगों का खयाल, सब आपका हुकुम. आप लंदन में बैठकर भी यहीं हैं."

बु जासिम उत्तरासाठी नंदकुमारकडे वळला. इतकी वर्षं ज्याने मालकाच्या तोंडी हवे ते शब्द घातले, त्याला आज एक शब्द बदलता आला नाही. जहीर एवढ्या प्रेमाने बोलला होता, त्यात खोट मिसळायला त्याची जीभ वळेना. त्याने सगळं सांगितलं. आपल्या मनाने एक पानही हलवत नाहीत, हेसुद्धा.

बु जासिम खुशीत हसला आणि गुडघ्यावर थाप मारून उठला. "म्हणजे माझा भाचा बरोबरच म्हणत होता. लंडनहूनच चाललंय की सगळं! तू भला माणूस आहेस, चौगुले. महिनाअखेरीला चाव्या त्याच्याकडे दे."

त्याची गाडी फाटकाबाहेर गेली. धूळ बसेपर्यंत नंदकुमार तिथेच उभा होता. जहीर लगबगीने जवळ आला.

"साब, बाबा खुश हुए ना? मैंने आपके लिए ठीक बोला ना?"

"बहुत अच्छा बोला, जहीर."

"अल्लाह बाबा को लंबी उमर दे."

नंदकुमारने फाटक ओढून घेतलं. मग तो म्हणाला, "आमीन."