विठ्ठल वापस, मेडशी

पाइप कापला की हातभर तुकडा उरतो. तो विकला जात नाही, आणि फेकून देववत नाही. आमच्या दुकानात मागच्या भिंतीला अशा तुकड्यांचा ढीग आहे. दुकानातल्या गोष्टींचंही तसंच असतं. मुद्दाम कोणी ठेवत नाही, तरी साठतात. सुनेनं हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडला जोडलं, त्या एका वर्षात जेवढे तुकडे उरले तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून उरले नसतील. त्यातले काही सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. वाढवून सांगायची सवय नाही.

दुकान मालेगावात, शाखा मेडशीला. मोटार, पाइप, स्प्रिंकलर. सून प्रज्ञा दुकान चालवते. मी बसतो. मुनीम गजाननराव, त्यांचे केस माझ्यासमोर पांढरे झाले. त्यांची मुलगी वैशाली आयटीआय शिकली आणि मागच्या खोलीत जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करते. तालुक्यात तिच्यासारखं वाइंडिंग दुसरं कोणी करत नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

त्याच दिवसांत वैशालीची सोयरीक चालू होती. मुलगा मेडशीचा, अमोल. दोघांचं आपसात ठरलेलं होतं. अमोलच्या वडिलांचा होकार तेवढा यायचा होता, आणि गजाननरावांचा जीव त्या होकाराला टांगलेला होता.

*

जोडणी करून देणारा सौरभ पुण्यात बसायचा. आम्ही त्याला पाहिलं नाही, फक्त ऐकलं. प्रज्ञानं मला समजावलं की मालेगावचं बिल, मेडशीचं बिल, दोन्हीकडचा माल, सगळं आपोआप एका जागी जाईल. तिथून गिऱ्हाइकाच्या फोनवर मेसेज जाईल. कोणी काही करायचं नाही.

मी विचारलं, ती जागा आपली आहे का.

सौरभ फोनवर म्हणाला, "नाही आबा, तिचं दरमहा भाडं असतं."

मी उभ्या आयुष्यात भाड्याच्या गाळ्यात बसलो नाही. सुरुवातीला पत्र्याची टपरी होती, तीही स्वतःची. मी म्हणालो, "मी सोताच्या जाग्यात, अन् माहा हिशेब भाड्यानं. घरमालक कोन हाय? येक डाव बोलून तं घेऊ दे."

सौरभनं हे त्याच्या साहेबाला सांगितलं असावं. साहेबाचा खरंच फोन आला. तो इंग्रजीत बराच वेळ बोलला. त्याचं झाल्यावर मी जयभीम केला आणि फोन ठेवला. माणूस बरा वाटला.

*

पहिले काही दिवस जोडणी रोज तुटायची. संध्याकाळी तुटायची, सकाळी जुळायची. सौरभनं त्याच्याकडचं सगळं तपासलं. इंटरनेटवाल्याला आमच्याकडे धाडलं. कॉम्प्युटरचे मागूनपुढून फोटो मागवले. शेवटी म्हणाला, दुकान बंद करताना व्हिडिओ कॉल चालू ठेवा, मला बघू द्या.

त्यानं पाहिलं. गजाननरावांनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली, हात जोडले, मेन स्विच पाडला आणि मशीनवर पिवळं फडकं टाकलं. दुकान सुरू झाल्यापासून ते असंच करत आले आहेत. आधी वजनकाट्याला करायचे.

सौरभ म्हणाला, "काका, तो रात्री चालू लागतो. रात्रीच सगळा डेटा जातो."

गजाननरावांना ते पटलं नाही. "दिवसभर काम करते ते. रात्री बी लावू? आपल्याच्यानं हे पाप होनार नाही."

सौरभनं पुण्यात बसून वेळ बदलून दिली. आता आमचा डेटा दुपारी जातो, गजाननराव डबा खातात तेव्हा.

*

मग मेडशीच्या शाखेत मोटारींचा साठा उणे दिसायला लागला. आमची रीत अशी, की मालेगावहून माल काळीपिवळीत बसून लगेच मेडशीला जातो आणि त्याची नोंद गजाननराव सवडीनं करतात. तोवर तिकडे मोटार विकून बिलही झालेलं असतं.

सौरभ घाबरून म्हणाला, "आबा, तुमच्याकडे नसलेल्या मोटारी तुम्ही विकल्या आहेत."

"जऊळक्याच्या वावरात पानी फेकून राह्यल्या त्या. येऊन पाह्य."

"पण आबा, सिस्टिममध्ये त्या नाहीतच."

"मंग सिस्टिमले वावरात ने."

प्रज्ञानं माझ्या हातातून फोन घेतला. त्या दिवसापासून सौरभचा फोन माझ्याकडे देत नाहीत.

*

आमच्या प्रत्येक बिलावर शिक्का असतो. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' दुकान उघडलं तेव्हा वाशिमहून करून आणला होता. लाकडी दांड्याचा आहे. फोनवरच्या बिलावर तो कसा मारणार, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कोणी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते विठ्ठलरावांनी. हे मेडशीचे, भाजीपाला पिकवतात. वांगी चांगली काढतात. हेच अमोलचे वडील. विठ्ठलरावांनी आजवर नेलेली वस्तू ठेवून घेतली, असं सहसा झालं नाही. पाइपाचा व्हॉल नेला की दोन दिवस घरी पाहायचा आणि परत. नळी, नोझल, वायसर, सगळं जाऊन येणार. शिक्का दाखवून आम्ही आधी नाही म्हणायचो, आणि शेवटी घ्यायचो. माल परत करायला ते बहुतेक वेळा अमोलला मालेगावला पाठवत. त्यात एक मोटार होती, वैशालीनं वाइंडिंग केलेली. ती पुन्हापुन्हा परत आली. मोटार चांगली होती. वाइंडिंगही चांगलं होतं. अमोल ती मागच्या खोलीत घेऊन जायचा आणि बराच वेळ तिथंच थांबायचा. मी पाहत होतो. सोयरीक तिथून निघाली.

तर फोनवर बिल यायला लागलं तसे विठ्ठलराव स्वतः व्हॉल घेऊन आले. फोन माझ्यासमोर धरला. "याच्यावर शिक्का कोठी हाय, आबा?"

शिक्का नव्हता.

"मंग घ्या वापस."

घेतला. दुसरा इलाज नव्हता. पुढे प्रज्ञानं सौरभला सांगून तीच ओळ फोनच्या बिलाखाली बारीक अक्षरात छापून घेतली. पण ओळ म्हणजे शिक्का नव्हे. शिक्क्याला आवाज असतो. तो गिऱ्हाइकाला ऐकू जातो. मी शिक्का गल्ल्यातच ठेवला.

त्या दिवशी गजाननरावांनी होणाऱ्या व्याह्यासाठी चहा सांगितला. खास, दुधाचा. विठ्ठलरावांनी दोन घोट घेतले, साखर जास्त आहे म्हणाले, आणि कप परत पाठवला.

*

आता मोठी भानगड.

आमच्याकडे एका नावाची माणसं फार. रमेश इंगोले तर गावोगाव आहेत. नुसतं नाव लिहून माणूस ओळखू येत नाही. म्हणून गजाननराव खात्याच्या नावापुढे खूण लिहितात. वाचलं की माणूस समोर उभा राहतो. यात चूक काय, ते मला अजून कळलेलं नाही.

जोडणी पूर्ण झाली त्या दिवशी सौरभच्या सिस्टिमनं सगळ्या गिऱ्हाइकांना आभाराचा मेसेज पाठवला. तोवर फोनच्या बिलावर नुसता खात्याचा नंबर असायचा. हा मेसेज गेला तो खात्यावर जे नाव, त्या नावानं.

पहिला आला तो जऊळक्याचा. त्याला मेसेज गेला होता, 'नमस्कार रमेश इंगोले भांडखोर'. गाडी स्टँडवर न लावताच आत आला. मी भांडखोर काहून, हे विचारायला आला होता. आधी गजाननरावांशी भांडला, मग माझ्याशी, मग प्रज्ञाशी, मग फोनवर सौरभशी. चहावाला मध्ये पडला, तर त्याच्याशीही. दमून निघून गेला.

गजाननराव म्हणाले, "आबा, नाव बदलवू काय?"

मी म्हणालो, "राहू दे."

दुपारी शांताबाई आल्या. यांच्या खात्याचं नाव 'शांताबाई आधी द्या'. कारण त्यांना आधी दिलं नाही तर बाकीच्या गिऱ्हाइकांना कोणीच काही देऊ शकत नाही. त्या रागावलेल्या नव्हत्या. काउंटरला टेकून म्हणाल्या, "लिवलं तं हाय बरोबर. मंग उभं काहून ठेवलं?"

एकाच नावाच्या दोन चुलतभावांपैकी एकाला 'वानखडे खरा' असा मेसेज गेला. त्यानं तो गावभर दाखवला. दुसरा वानखडे आमच्याकडून आजही माल घेत नाही.

संध्याकाळी मी घरच्यासाठी एक नळ नेला. माझाही फोन वाजला. 'नमस्कार आबा विचारू नये'.

मी परत दुकानात आलो. गजाननरावांना बोलावलं आणि फोन पुढे केला. ते खाली पाहत म्हणाले, "तुमीच म्हनलं होतं आबा, का मी माल कायले नेला ते इचारू नोको म्हून."

म्हटलं होतं. मी फोन खिशात घातला. तेही नाव तसंच आहे.

*

मला बोलावलं तेव्हाच गजाननरावांना घाम फुटलेला होता. मला वाटलं माझ्यामुळे. तसं नव्हतं. त्यांना विठ्ठलराव आठवले होते. ते खातं सोयरिकीच्या कितीतरी आधीचं. नाव, 'विठ्ठल वापस, मेडशी'.

मेसेज गेला होता. फोनवर दोन निळ्या खुणा आल्या होत्या, म्हणजे वाचलाही होता.

मेडशीहून काही उत्तर आलं नाही. अमोल यायचा बंद झाला. मोटारही आली नाही. गजाननराव डबा उघडायचे आणि बंद करायचे. मला म्हणाले, पोरीचं सुख मी माझ्या हातानं टाइप करून मोडलं. मी म्हणालो, तुम्ही खरं तेच लिहिलं. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

वैशाली मागच्या खोलीत तार गुंडाळत बसायची. बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, आता काही करू नोका. जे हाय ते राहू द्या."

पण गजाननरावांना राहवलं नाही. कोणाला न विचारता त्यांनी खात्याचं नाव बदललं. 'श्रीमान विठ्ठलराव भगत साहेब' असं केलं. आणि दुपारी डबा उघडून बसले.

दुपारीच आमचा डेटा जातो. सिस्टिमला वाटलं, हे भगत साहेब नवीन गिऱ्हाईक आहेत. तिनं त्यांच्या खात्यावरचं आजपर्यंतचं सगळं उचललं आणि पहिल्यापासून एकेक करून त्यांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली.

विठ्ठलराव तेव्हा बाजारात वांगी विकत बसले होते. त्यांच्या शेजारी दुकान लावणाऱ्यानं मला नंतर सगळं सांगितलं. फोन वाजायला लागला तो थांबेना. हात वांग्यांत, म्हणून विठ्ठलरावांनी त्यालाच वाचायला सांगितलं. तो मोठ्यानं वाचत गेला. 'श्रीमान विठ्ठलराव भगत साहेब, आपण परत केलेला व्हॉल मिळाला. आभार.' 'श्रीमान विठ्ठलराव भगत साहेब, आपण परत केलेली नळी मिळाली. आभार.' 'आपण परत केलेली मोटार मिळाली. आभार.' पुन्हा मोटार. पुन्हा मोटार. गिऱ्हाइकं वांगी घ्यायची थांबून ऐकत उभी राहिली. बाजार उठला तरी मेसेज येतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलरावांची गाडी दुकानासमोर थांबली. मागे अमोल. गजाननराव उठून उभे राहिले.

विठ्ठलरावांनी फोन काउंटरवर ठेवला. चढ्या आवाजात काही बोलले नाहीत.

"सारे वाचले, गजाननराव. घरी जाऊन अजून येक डाव वाचले. येक बी खोटा नाही. ते साहेब-बिहेब काढा. आंधी होतं तेच नाव बराबर हाय."

गजाननरावांनी कीबोर्ड जवळ ओढला.

विठ्ठलरावांनी अमोलला दंडाला धरून पुढे ओढलं. "मोटार चांगली होती, हे मले बी माहीत होतं. बारबार कायले येत होता, ते बी माहीत हाय. आता ह्याले घेऊन आलो. ठेवून पाहा. नाही पटला तं वापस करा. मी काही बोलनार नाही. मले बोलाले जागाच नाही."

गजाननरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या खोलीकडे पाहिलं.

वैशाली दारात आली होती. हाताला वार्निश लागलेलं. ती चालत काउंटरपाशी आली, गल्ला उघडला, शिक्का काढला आणि पॅडवर दाबला. मग अमोलचा हात काउंटरवर पालथा ठेवला आणि शिक्का मारला. आवाज रस्त्यापर्यंत गेला.

विठ्ठलरावांनी चष्मा लावला. मुलाचा हात उजेडात धरून अक्षर न् अक्षर वाचलं.

मग खाली बसले आणि चहा मागवला. सगळा प्याले.