भडक्याचा तारा

माझ्या भावाला वेधशाळेत सगळे भडका म्हणायचे. तोंडावर नाही हं, कुणाची छाती होती! संगणक हळू चालतो म्हणून त्याने कळफलक गुडघ्यावर घेऊन काडकन मोडला होता. लहानपणी मी त्याच्या कंपासपेटीला हात लावला, तर माझी बोटं दारात चेमटवली. करंगळीचं नख अजून वाकडंच येतं. पण दादा होता तो माझा. आई गेल्यावर माझी वेणी तोच घालायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढून.

त्याचं काम म्हातारे तारे मोजायचं. वय झालं की हे तारे सुजतात, लाल होतात, अवाढव्य होतात. पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना ताऱ्याचा एक फोटो काढायचा, सहा महिन्यांनी पलीकडे गेली की दुसरा. तारा केसभर सरकलेला दिसतो. जास्त सरकला तर जवळ, कमी सरकला तर लांब. अंतर हाती आलं की दिसणाऱ्या रुंदीवरून त्याचा खरा आकार निघतो. अशाच एका ताऱ्यापायी दादाने सगळं तारुण्य जाळलं. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "आहे की ही म्हातारी!"

माझं लग्न मात्र त्यानेच जमवलं, त्याच्याच खोलीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाशी. आमचे हे बोलायला मऊ, पण हट्टी असे की विचारू नका. एकदा जेवताना म्हणाले, "दादांचं अंतर चुकलंय. तो तारा जेवढा सरकतो, त्याहून त्याचं तोंडच रुंद आहे. आणि ते तोंड दुधासारखं उकळतंय. उजळ बुडबुडा कधी या कडेला, कधी त्या कडेला. दादा बुडबुड्याचं हलणंसुद्धा ताऱ्याचं सरकणं धरून बसलेत. तारा आणखी लांब आहे, म्हणजे मोठाही."

मी घास ताटात परत ठेवला. "त्याला सांगितलंत?"

"उद्या बैठकीत सांगणार."

"अहो, आधी एकट्याला गाठा! चारचौघांत बोललात तर फाडून खाईल तो."

"फोटो आहेत माझ्याकडे. घाबरायचं काय त्यात?"

मी वेधशाळेच्याच इमारतीत खाली टेलिफोनवर बसायची. दुसऱ्या दिवशी वरून आरडाओरडा ऐकू आला आणि मी जिना चढत धावले. दादाच्या मुठीत यांची कॉलर होती. "ज्या ताटात जेवलास त्यातच घाण करतोस? माझी बहीण दिली तुला!" असं म्हणून त्याने खाडकन मुस्कटात मारली. चष्मा उडाला, ओठ फुटला. आणि हा माझा शहाणा नवरा! खाली वाकला, वाकडा झालेला चष्मा नाकावर चढवला आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पण दादा, उकळतंय हो ते."

दादाने लोखंडी स्टूल उचललं. मी मध्ये पडले, तर केस धरून मला भिंतीवर भिरकावलं. पहिला घाव यांच्या कानावर बसला, दुसरा डोक्यावर. तो आवाज मेल्याशिवाय विसरायची नाही मी. बाकीचे सगळे नुसते मातीच्या पुतळ्यांसारखे उभे, मेले! तिसऱ्यांदा स्टूल वर गेलं तेव्हा मी दादाच्या मनगटाला दातांनी धरलं आणि मांस तुटेपर्यंत सोडलं नाही.

दादा तुरुंगात गेला. हे वाचले, म्हणजे श्वास चालू राहिला. शर्टाची बटणं मी लावते, भरवते मी. माझं नाव आठवत नाही त्यांना, पण मी घरचीच कुणीतरी आहे एवढं कळतं.

सुटून आल्यावर दादाला नोकरी उरली नव्हती. तरी त्याने एका जुन्या मित्राकडून आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या मोठाल्या तबकड्यांनी केलेली मोजणी मिळवली. त्या ताऱ्याभोवती वायूचे बारीक ठिपके आहेत. ते ताऱ्यासोबतच सरकतात, पण त्याच्या तोंडावरच्या उकळण्याने फसवत नाहीत. त्यांवरून त्याने अंतर पुन्हा काढलं आणि एका दुपारी आमच्या दारात येऊन उभा राहिला. केस पिकलेले, गाल बसलेले. मला वाटलं, दार तोंडावर आपटावं. तो म्हणाला, "त्याला एकदाच सांगू दे, मग हवं तर जीव घे माझा."

"सांग की," मी म्हटलं. "ये, सांग."

हे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. जन्मात कुणापुढे मान न वाकवलेला माझा भाऊ त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. एरवी अरे-तुरे करणारा, आता म्हणाला, "मेहुणे, तुमचंच बरोबर होतं. तारा माझ्या अंतराच्या दीडपट लांब आहे. दीडपट मोठा आहे."

हे गोड हसले, सगळ्यांना बघून हसतात तसे. मग विचारलं, "तारा म्हणजे काय हो?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दादाच्या थोबाडीत ठेवून दिली. मग दुसरी, मग तिसरी. पाठीत, डोक्यात, हात लागेल तिथे बडवत सुटले. त्याने हातसुद्धा वर केला नाही. तेवढ्यात माझा पदर कुणीतरी मागून ओढला. हे खुर्चीतून अर्धवट उठले होते, घाबरून रडत होते.

"नको ना मारू त्यांना," हे म्हणाले. "त्यांनी काय केलंय?"