बिलटची बायको आणि लोंबती तार

मुरादचकच्या चौकात विजेची तार इतकी खाली लोंबायची, की लग्नाच्या घोड्यावर बसलेला नवरदेव आपोआप मान खाली घालायचा. वीज कंपनीला मात्र ती वर्षातून दोनदाच दिसायची, मोहरमचा ताजिया किंवा हनुमानाचा महावीरी झेंडा मिरवणुकीनं निघाला की. मग कंपनीचे ज्युनिअर इंजिनिअर झासाहेब स्वतः बिलट पासवानच्या दारात हजर! बिलट बेचक्याचा लांब बांबू घेऊन पुढं चालायचा, तार उचलून धरायचा, खालून मिरवणूक जायची. शेवटी साहेब त्याला झेंडूचा हार घालायचे आणि फोटो काढून घ्यायचे.

बिलटची बायको राजमुनी तो हार खुंटीला टांगताना म्हणायची, "अहो, एक उंच खांब रोवायला सांगा की त्यांना."

"खांब रोवला तर मला कोण विचारणार गं?" बिलट हसायचा.

एका वर्षी झेंड्याच्या मिरवणुकीला पाऊस भुरभुरत होता, बांबू ओला. साहेब म्हणाले, "लाइन बंद आहे, उचल बिनधास्त." लाइन चालू होती. बिलट जागच्या जागी गेला.

राजमुनी भरपाईसाठी कोर्टात गेली, तर कंपनीनं लिहून दिलं, की मयताशी आमचा काडीचा संबंध नाही, त्यानं विनापरवाना तारेला हात घातला, चूक सर्वस्वी त्याचीच. गरज सरो, वैद्य मरो! पानाच्या टपरीवरच्या शहाण्यांना तेवढंच हवं होतं. "कागदात आहे म्हणजे खरंच असणार. मिरवायची हौस फार होती बिलटला." हे राजमुनीच्या काळजाला लागलं. पैसे मिळोत न मिळोत, नवऱ्याच्या माथी मारलेली ही चूक पुसली पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

वर्ष फिरलं, झेंडा आला आणि झासाहेब पुन्हा तिच्या दारात. हातात हार!

"भौजी," वहिनीला हाक मारावी तसे साहेब म्हणाले, "तुमच्या दिराला पाठवा ना. परंपरा आहे."

"आपली तर ओळखच नाही ना, साहेब?"

"कागदातलं कुठं मनावर घेता? झेंडा अडलाय चौकात, लोक मला फाडून खातील."

"मग आधी माइकवरून सांगा, तार खाली आहे म्हणून तुम्हीच बिलटला बोलवायचात. पुढचं मग बघू."

घाम पुसत साहेब माइकवर तसं बोलले. अर्ध्या गावानं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग राजमुनीनं "पुढचं" बघितलं आणि दार लावून घेतलं. झेंडा आडवा करून न्यावा लागला.

कोर्टात ते बोलणं ऐकवल्यावर कंपनीचे वकील म्हणाले, "हे साहेबांचं वैयक्तिक मत आहे."

"तार तरी कंपनीची ना?" न्यायाधीशांनी विचारलं. "की तीही साहेबांची वैयक्तिक?"

निकाल लागला. राजमुनीचे वकील अख्तरबाबू धावतच आले. "भौजी, जिंकलो! कंपनीनं भरपाई द्यायची."

"चूक ह्यांची नव्हती, असं लिहिलंय?"

"चूक कुणाची ते बघायची गरजच नाही, असं लिहिलंय. जीवघेणी वस्तू जो बाळगतो, त्यानं भरायचं. कायदाच तसा आहे."

"म्हणजे चूक बेवारसच राहिली की!"



पुढच्या झेंड्यालाही तार तिथंच. भरपाई परवडली, खांब काही परवडला नाही. आता बांबूला हात लावायला गावात कुणी तयार होईना, तेव्हा वरून हुकूम आला आणि झासाहेबच बांबू घेऊन उभे राहिले. आभाळ भुरभुरायला लागलं होतं. राजमुनी गर्दीतून पुढं आली आणि तिनं साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"लाइन बंद आहे ना, साहेब?"

"आहे... म्हणजे, फोन केलाय मी."

"ह्यांनाही तुम्ही असंच सांगितलं होतं. उचला बिनधास्त."

साहेबांचा हात उठेना. बांबू खाली ठेवून ते पुटपुटले, "बांबू ओला आहे. धोका आहे."

"जरा मोठ्यानं बोला," राजमुनी म्हणाली. "त्या टपरीपर्यंत जाऊ दे. माझ्या माणसाला हे कुणीच सांगितलं नव्हतं."